शेवटची पाने नसलेले पुस्तक

गेल्या श्रावणातील गोष्ट. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती आणि आम्ही कार्यालयात हजेरीपटांवर सह्या करीत बसलो होतो. इतक्यात आठवीच्या वर्गशिक्षिका एका मुलाला पुढे घालून आत आल्या. त्यांच्या हातात एक जीर्ण पुस्तिका होती. मुखपृष्ठ नाही, लेखकाचे नाव नाही, पाने हळदीसारखी पिवळी पडलेली आणि कडा उंदरांनी कुरतडलेल्या. "गणिताच्या तासाला बाकाखाली धरून वाचत होता, सर. असली पुस्तके वाचतो," असे सांगून बाईंनी ती आमच्या मेजावर ठेवली. 'असली' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर आमच्या चांगल्याच परिचयाचा होता. तो शब्द आम्ही स्वतःही आयुष्यभर त्याच जोराने उच्चारीत आलो आहोत.

पुस्तिका उघडून पाहिली. बंद खोली, टेबलावर कलंडलेला पेला, खिडकीशी उमटलेले पाऊल. रहस्यकथाच ती. मुलाचे आजोबा नंदुरबारकडून सुरतेस आले, मागाच्या कारखान्यात आयुष्य घालवून गेले, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या पत्र्याच्या पेटीत ही एवढी एकच पुस्तिका निघाली. हा विद्यार्थी शुद्धलेखनाच्या दहा ओळींत पंधरा चुका करणारा. मराठीचा धडा वाचावयास सांगितला की अडखळणारा. त्याने ही शंभरएक पाने तीन दिवसांत संपविली होती. आम्ही त्याला रागे भरण्याच्या तयारीत असतानाच त्याने मान वर करून विचारले, "सर, ह्याची शेवटची पानं नाहीत. खून कोणी केला, तुम्हाला ठाऊक आहे का?"

वाचकहो, मराठी घेऊन एम. ए. झालेला, तीस वर्षे मराठी शिकविणारा हा शिक्षक त्या प्रश्नापुढे निरुत्तर झाला. आम्हांस ते ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसण्यास आम्हीच कारण होतो, ही गोष्ट मनाला अधिक लागली.

ते कसे, हे सांगितले पाहिजे. आमचे वडील जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले. तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आले, तेव्हा कतारगाम हे पापडीच्या शेतांचे गाव होते. हिऱ्यांच्या घंट्या आणि चारपाच मजली इमारती मागाहून आल्या. वडिलांना एकच व्यसन होते, ते म्हणजे रहस्यकथांचे. दिवसाला दहा पैसे भाड्याने पुस्तके मिळत, काही ते स्टेशनावरून विकतही घेत. रात्रपाळी नसेल त्या दिवशी चाळीच्या ओट्यावर कंदिलाशी बसून ते मोठ्याने वाचीत आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती असे चारसहा शेजारी कान देऊन ऐकत. आम्ही मराठी वाचावयास शिकलो ते शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या ओट्यावर अधिक. पुढे एम. ए. झालो, हरिभाऊ, केतकर, वामन मल्हार यांच्यावर टिपणे काढली, आणि घरात 'असली' पुस्तके असणे आम्हांस लाजिरवाणे वाटू लागले. वडील गेल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली. सव्वाशेच्या वर पुस्तिका असतील. एकही उघडून न पाहता आम्ही त्या वजनावर रद्दीवाल्यास देऊन टाकल्या. आलेल्या पैशांत नव्या समीक्षाग्रंथाचा अर्धा खर्चही भागला नव्हता.

असो. मुलाच्या प्रश्नामुळे एक मात्र झाले. जी वाङ्मयशाखा आमच्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापलीकडे नव्हती, तिचा माग काढण्याची बुद्धी उशिरा का होईना आम्हांस झाली. त्यातून जे हाती आले ते या महिन्याच्या सदरात मांडीत आहोत.

आपल्या जुन्या वाङ्मयात गुन्हे नव्हते असे नाही. संस्कृत 'मृच्छकटिका'त शर्विलक भिंतीला भगदाड पाडून चोरी करतो आणि निरपराध चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येऊन त्याला न्यायसभेत उभे राहावे लागते. देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे तो प्रसंग घरोघरी पोहोचला. पण तेथे सत्य उघडकीस येते ते कसे? मेलेली समजलेली वसंतसेना स्वतःच वधस्थानी येऊन उभी राहते म्हणून. कोणी शोध घेतला म्हणून नव्हे. जुन्या कथेत सत्य आपण होऊन प्रकट होते, तर नव्या रहस्यकथेत ते कोणीतरी हुडकून काढावे लागते. या दोहोंच्या मध्ये जी दरी आहे, ती कायदा आणि पुरावा यांनी निर्माण केली. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली व १८६२ पासून अमलात आली. पुराव्याचा कायदा १८७२ सालचा. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास निघाले. लंडनच्या पोलिसांचे तसे कार्यालय त्यानंतर चार वर्षांनी, १९०१ साली निघाले. 'साक्षीदार काय म्हणतो' यापेक्षा 'वस्तू काय सांगते' हा प्रश्न महत्त्वाचा ठरू लागला, तेव्हाच गुप्तहेराच्या कथेला पाय ठेवण्यास जमीन मिळाली.

ती जमीन आपणा गुजरातेतील मराठी माणसांच्या अगदी दारात होती, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि त्यांनी नेहमीचा पपनसाच्या सरबताचा पेला तोंडास लावला. दोनतीन घोट घेताच चव बिघडलेली वाटली, म्हणून त्यांनी उरलेले सरबत फेकून दिले. तेव्हा पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि काचेसारखी वा हिऱ्यासारखी चकाकणारी भुकटी आढळल्याचे सांगण्यात आले. संशय थेट मल्हारराव गायकवाड महाराजांवर आला. १८७५ च्या आरंभी सहा जणांचे चौकशी मंडळ बसले. तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे व राजा सर दिनकरराव होते. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले व त्यांनी साक्षीदारांची कसून उलटतपासणी केली. अखेर तिन्ही इंग्रजांनी दोषी म्हटले, तिन्ही हिंदी सभासदांनी दोष सिद्ध झाला असे मानले नाही. सरकारने मग गैरकारभाराचे कारण पुढे करून महाराजांस पदच्युत केले आणि कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला. पेल्यात विष कोणी घातले याचा निर्विवाद निर्णय झालाच नाही. ज्या कथेची शेवटची पाने इतिहासानेच फाडून टाकली, अशी ही कथा होय.

या प्रकरणावर मराठीत लगोलग नाटक झाले. परंतु राजवाडा, विष, हिरकणी, फितूर नोकर, परस्परविरोधी साक्षी असे सर्व साहित्य तयार असताना आपल्या कादंबरीकारांना त्यातून शोधाची कथा मात्र सुचली नाही. त्यांची दृष्टी निराळ्याच दिशेस होती. १८६१ ची हळबे यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची रिसबूड यांची 'मंजुघोषा' यांत कपट आहे, कारस्थाने आहेत, संकटात सापडलेली नायिका आहे. पण संकट फिटते ते योगायोगाने, बुद्धीने नव्हे. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि मराठी कादंबरीला घरातील सुखदुःखाचे वळण लावले. ते थोर कार्य होते. परंतु ज्या वाचकाला 'पुढे काय झाले' या प्रश्नावाचून झोप येत नसे, तो वाचक कोठे गेला?

तो गेला रेनॉल्ड्सकडे. इंग्लंडात जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याच्या लंडनच्या रहस्यांची मालिका १८४४ पासून आठवड्याच्या सुट्या अंकांत निघाली. तिकडील शिष्टांनी त्याला नाके मुरडली, पण हिंदुस्थानात तो शेक्सपिअरहून अधिक वाचला गेला म्हटले तरी अतिशयोक्ती होऊ नये. त्याला मराठी वेष चढविण्याचे काम ज्यांनी सर्वांत कौशल्याने केले ते गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१). 'चतुर माधवराव', 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'बंधुद्वेष' ही त्यांच्या कादंबऱ्यांची नावे आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे आवडत्या पक्वान्नांच्या नावांप्रमाणे घेत. परकी कथा त्यांनी अशी मुरविली की तिची परकी चव उरली नाही. तळघरे, भुयारे, गुप्त दारे ही खास आपल्या वाड्यांचीच वाटावीत. नाथमाधव (१८८२–१९२८) हे त्याच वाटेवरचे दुसरे मोठे प्रवासी. 'वीरधवल'मुळे त्यांचे नाव अजरामर झाले खरे, पण 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी' लिहून त्यांनी आधुनिक शहरातील गुन्हेगारीही मराठी कादंबरीत आणली.

येथे आमच्या काही वाचकांच्या ओठांवर आलेला आक्षेप आम्हांस ऐकू येतो: "म्हणजे सारे उसनेच ना?" होय, आरंभ उसनाच. पण हा दोष केवळ मराठीचा नाही. पो या अमेरिकन लेखकाने १८४१ साली पहिली शोधकथा लिहिली, ती पॅरिस शहरात घडविली. होम्सचा जन्म १८८७ चा. त्यानंतर बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस अधिकाऱ्याने १८९२ पासून आपल्या दप्तरातील हकीकती छापल्या आणि हिंदीत गोपालराम गहमरी यांनी १९०० साली 'जासूस' हे मासिकच काढले. दूर मलायात, पेनांग बेटावर, सय्यद शेख अल-हादी नावाच्या धर्मसुधारक पंडिताने १९३० च्या आसपास एका फ्रेंच साहसी मालिकेचे अरबीवरून मलय रूपांतर केले आणि त्या भाषेतील सामान्य वाचकाला कादंबरीची गोडी लावली. आपल्याकडे हे काम शास्त्रीबुवांनी केले आणि तेथे मौलवींनी, हा योगायोग गमतीचा खरा, पण त्यामागे कारण आहे. ज्यांना आपल्या लोकांनी वाचावे असे मनापासून वाटत होते, त्यांनी आधी लोकांच्या हातात सोडवणार नाही असे काही ठेवले. उसन्या विरजणाने का होईना, दही लागले पाहिजे हे त्यांनी ओळखले.

ते दही घट्ट लागले बाबुराव अर्नाळकरांच्या हाती. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). 'चौकटची राणी' ही त्यांची रहस्यकथा १९४२ साली आली आणि पुढील चार दशकांत त्यांनी हजारावर पुस्तिका लिहिल्या. धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू हे होम्स–वॉटसनच्या घराण्यातले. पण वाचकांचे खरे प्रेम जडले ते झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर. हे दोघे कायद्याचे सेवक नव्हेत. कायदा त्यांच्या मागावर असतो आणि ते अन्यायाच्या मागावर असतात. यावर आम्ही पुष्कळ विचार केला. १९४२ हे साल कोणते? पोलीस हा ज्या काळी परक्या सरकारचा हात होता, त्या काळी मराठी वाचकाने पोलीस अधिकाऱ्यास आपला नायक कसे मानावे? इंग्रज वाचकाला घरच्या पोलिसाविषयी जो भरवसा होता तो आपणांस नव्हता. म्हणून आपला नायक मुखवटा घालून आला. साचा उसना असला तरी त्यात ओतलेले मन आपले होते, ते असे.

दुसरी गोष्ट भाषेची. अर्नाळकरांची वाक्ये आखूड, शब्द रोजचे, परिच्छेद दोन-चार ओळींचे. आमच्या प्राध्यापकांनी याला उथळपणा म्हटले असते. परंतु चौथी शिकलेल्या गिरणी कामगाराला दिवसाच्या श्रमानंतर जे वाचवते, ते लिहिणे सोपे नसते. ज्यांनी जन्मात कधी ग्रंथालयाची पायरी चढली नसती अशा हजारोंना या पुस्तिकांनी अक्षरांशी बांधून ठेवले. आमचे वडील त्यांतलेच एक.

पुढील इतिहास आमच्या वयाच्या वाचकांस ठाऊकच आहे. १९७० नंतर गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि उदयसिंह राठोड आले. हजारापलीकडे पुस्तके लिहिणारा हा दुसरा मराठी लेखक २०२१ साली निवर्तला. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास यांना जन्म दिला आणि मग 'दुनियादारी'कडे वळून आपला वाचकही बरोबर नेला. आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे याच सुमारास 'चित्रलेखा'तून हरकिसन मेहतांच्या कादंबऱ्या क्रमशः येत, आणि अंक येण्याच्या दिवशी चाळीत कोणाच्या हातात तो पहिला पडतो यावर भांडणे होत. अमीर अली ठगावरील त्यांची कादंबरी आम्ही गुजरातीत वाचली. अक्षरे गुजराती, उत्कंठा तीच. नंतर दूरदर्शनचे संच घरोघरी आले, भाड्याने पुस्तके देणारी दुकाने एकेक करून बंद पडली, आणि हा सारा संसार रद्दीच्या तराजूवर जाऊन बसला.

या वाङ्मयातील उणिवा आम्ही झाकू इच्छित नाही. मूळ लेखकाचा ऋणनिर्देश बहुधा नसे. स्त्री ही एक तर संकटात सापडलेली, नाही तर जाळे टाकणारी. तिसरा प्रकार विरळा. मुंबईची नावे असत, पण मुंबई क्वचितच दिसे. महिन्याला दोनचार पुस्तिका लिहिणाऱ्याकडून प्रत्येक वेळी नवे रहस्य मिळणे शक्यही नव्हते. हे दोष मोजूनही आमचा निष्कर्ष असा की, मराठी वाचकवर्गाची जी इमारत आपण अभिमानाने दाखवितो, तिचा पाया खणण्याचे काम या लोकांनी केले, आणि कोनशिलेवर त्यांचे नाव कोरण्यास आपण विसरलो. सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेल्या नंदशंकर मेहता यांनी १८६६ साली 'करणघेलो' लिहून गुजराती कादंबरीस जन्म दिला. त्याच सुरतेच्या या मुख्याध्यापकाने मात्र सव्वाशे मराठी कादंबऱ्या वजनावर विकल्या, ही तुलना आम्ही स्वतःच करून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणास करण्याचे श्रम पडावयास नकोत.

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही मुंबई, नाशिक आणि बडोदे येथील स्नेह्यांना पत्रे घातली, पुस्तिकेची पहिली चार पाने नकलून पाठविली. कोणासही ती ओळखता आली नाही. मुलाला तसे सांगितले आणि म्हटले, "शेवट मिळत नाही. तूच लिही." आठ दिवसांनी त्याने दीड पान आणून दिले. ऱ्हस्वदीर्घाचा आनंदच होता आणि दोन ठिकाणी गुजराती अक्षरे घुसली होती. परंतु शेवट त्याने चोख लावला होता. मृताच्या तिजोरीतील हिरा खोटा आहे हे पोलिसांना कळत नाही. ते ओळखतो घंटीवर बसणारा एक रत्नकलाकार, आणि तेथून खुन्याचा माग लागतो. मुलाचा मामा आमच्याच रस्त्यावरील कारखान्यात हिरे घासतो. कतारगामचा माणूस मराठी रहस्यकथेत आलेला आम्ही प्रथमच पाहिला. मग आम्ही त्याला बडोद्याच्या पेल्याची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पण हिऱ्याची भुकटी तिथे कोणाकडे होती, ते त्यांनी पाहिलं होतं का?" दीडशे वर्षांपूर्वीच्या बॅरिस्टरास शोभेल असा हा प्रश्न होता. त्या चौकशीत जवाहिऱ्यांचे काय झाले, ते आम्ही दोघे मिळून आता वाचीत आहोत. इंग्रजीतून आम्ही वाचतो आणि मराठीत तो लिहून घेतो.

या मुलाच्या वर्गात यंदा एकोणीस मुले आहेत. आम्ही या शाळेत आलो तेव्हा त्या वर्गाच्या दोन तुकड्या होत्या. मराठी माध्यम बंद पडेल की टिकेल, ते आमच्या हाती नाही. वरच्या कचेऱ्यांत आकडे पाहून ते ठरते. परंतु जी एकोणीस मुले आहेत त्यांनी परीक्षेबाहेर एक तरी मराठी पुस्तक स्वतःहून उघडावे, एवढे आमच्या हाती आहे. म्हणून कार्यालयातील एक कपाट आम्ही रिकामे केले आहे. त्यात साने गुरुजी आहेत, चिं. वि. आहेत आणि आता झुंजारही यावयाचा आहे. वर्गशिक्षिका बाईंनी आधी नाराजी दाखविली. परवा त्यांनीच आपल्या माहेरून दोन पुस्तिका आणून दिल्या, आणि त्यांतील एक स्वतः वाचून झाल्यावर मगच कपाटात ठेवली.

सुज्ञ वाचकांस एकच विनंती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, हैदराबाद, जेथे जेथे आपली घरे आहेत तेथे माळ्यावर, कोठीच्या खोलीत, एखाद्या ट्रंकेत अशा पुस्तिका अद्याप असतील. दिवाळीच्या सफाईत त्या काढाल तेव्हा वजन करण्यापूर्वी एक उघडून पाहा. चांगली वाटल्यास घरातील मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. आणि बंद खोली, कलंडलेला पेला व खिडकीशी उमटलेले पाऊल अशी एखादी कथा निघाली, तर तिची शेवटची पाने तेवढी आम्हांस नकलून पाठवा. आठवीतला एक मुलगा दर सोमवारी आमच्या दाराशी येऊन विचारतो की, टपाल आले का.